नूरबीची अळणी हांडी

बांगड्या भरणाऱ्या बाईचा हात जड झाला की तिचा धंदा बसलाच म्हणून समजा. पण हे आमच्या डॉक्टरसाहेबांना कोण सांगणार? मी पडलो त्यांचा कंपाउंडर, महादेवराव. बाटल्या भरायच्या, वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवायची, एवढंच माझं काम.

नूरबी पिंपळगाव राजाची. तिला मिरगी होती, महिन्यातून दोनदा झटका यायचा. साहेब नागपूरहून नवे आलेले, त्यांनी ब्रोमाइड सुरू केलं. रोज तीन डोस आणि जेवण अळणी. घरी तिची जाऊ सरवरी तिच्यासाठी वेगळी हांडी रांधू लागली. झटके थांबले, पण नूरबीही थांबल्यासारखी झाली. मनगट नुसतं दाबून बांगडीचं माप सांगणारी बाई, ती झोपेत असल्यासारखी चालायची. गावातल्या सुभद्राबाईच्या लेकीला लग्नाचा चुडा भरताना तिच्या हातून तीन बांगड्या वाढल्या. नवरीच्या हातातली बांगडी फुटली असं आमच्याकडे कुणी म्हणत नाही, पण मनात सगळ्यांच्या तेच येतं. त्यानंतर बाया तिला दारात उभं करीनात.

तिनं साहेबांना विचारलं, "साहेब, झटका महिन्यातून दोन डाव येते. ही दवा तं तीसही दिवस डोक्यावर बसून राह्यते. जराशी कमी केली तं नाही चालत का?"

"चुलीत पडशील तेव्हा कळेल," साहेब म्हणाले आणि त्यांनी पुढच्या रोग्याला हाक मारली.

मला संताप आला. पुढच्या खेपेला मी तिच्या बाटलीत अर्धं औषध आणि अर्धं पाणी भरलं. तिला सांगितलं नाही. दहा दारं फिरणाऱ्या बाईच्या पोटात गोष्ट राहते थोडीच? ब्रोमाइड खारट लागतं, पातळ केलेलं तिला चवीवरून कळलं असतं, म्हणून वर दोन चमचे मीठ घातलं. अळणी जेवण मी मनावर घेतलंच नव्हतं. कुणाला वांगं बंद, कुणाला मीठ, डॉक्टर-वैद्यांचं चालायचंच.

महिनाभरात ती हसत आली. "भाऊ, हात खुल्ला माहा. मोताळ्याच्या बाजारात एकबी बांगडी वाढली नाही." त्या दिवशी मी मिशीला पीळ देत घरी गेलो.

पुढच्याच आठवड्यात तिचा नवरा फकीर मोहम्मद तिला बैलगाडीत घालून घेऊन आला. चुलीत लाकूड सारताना झटका आला होता. उजवा हात मनगटापर्यंत भाजला होता.

"दवा सोडली असशील," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. एकबी डोस चुकवला नाही."

"मग मीठ खाल्लंस. मीठ पोटात गेलं की हे औषध अंगात ठरत नाही, लघवीवाटे निघून जातं. अळणी उगाच सांगितलं होतं का?"

मी तिच्या हाताला पट्टी बांधत होतो. बाटलीत घातलेलं दोन चमचे मीठ मला आठवलं.

"अल्लाची कसम साहेब, ईदच्या दिवशीबी अळणंच खाल्लं मी. घरचे हासत होते मले."

"या बाया खोटंच बोलतात," साहेब मला म्हणाले.

नूरबीनं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, तुमी तं सांगा यायले. बाटली तुमीच भरत होते ना?"

मी सांगायला हवं होतं. नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता, पण सांगायला हवं होतं. मला माझी लाज वाटली आणि मी खाली मान घालून पट्टीची गाठ मारली.

साहेबांनी डोस दीडपट केला. मी बाटली या वेळी निव्वळ औषधानं खुणेपर्यंत भरून दिली. तिनं ती डाव्या हातानं घेतली. आता कमी करा म्हणायला तिच्याजवळ कारणच उरलं नव्हतं.

नवऱ्यानं तिला गाडीत बसवलं तेव्हा मी दारातच होतो. ती त्याला म्हणाली, "घरी गेल्यावर सरवरीले इचारा. हांडी तं तेच रांधत होती."

मी ते ऐकलं आणि बाटल्या धुवायला आत गेलो.