खिंडीवरचा फोटो

भोकरदनच्या एका मंगल कार्यालयात रविवारी सकाळी अकरा वाजता परमेश्वर सरांच्या डोक्याला फेटा बांधण्यात आला आणि ज्या डोक्याने ऐन उंचीवर त्यांचा घात केला होता, त्याच डोक्याचा तालुक्याच्या वतीने गौरव झाला. शाल आली, नारळ आला. त्यांच्या पत्नीस, शिवकन्येस, हळदीकुंकू आणि एक खण मिळाला. एवढ्यावर समतेचा प्रश्न कायमचा निकालात निघाला, अशी यजमानांची प्रामाणिक समजूत होती.

व्यासपीठामागे बारा फुटी फ्लेक्स होता. त्यावर लडाखमधली पाच हजार तीनशे मीटर उंचीची खिंड, वाऱ्यावर ताणलेल्या पताका, आणि लाल जॅकेट, काळा गॉगल व नाकापर्यंत मफलर अशी एक आकृती. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'भोकरदनचा सुपुत्र शिखरावर'. खिंड म्हणजे शिखर नव्हे, हे सरांसारख्या भूगोलाच्या अध्यापकास ठाऊक असायला हरकत नव्हती. पण त्या फ्लेक्सवरची ही सर्वांत किरकोळ चूक होती.

शिवकन्या फ्लेक्सकडे पाहत नव्हती. ती साहेबरावांच्या हातातल्या यादीकडे पाहत होती. साहेबराव हे गिर्यारोहण मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची कचेरी पहिल्या मजल्यावरून तळमजल्यावर आणणे ही त्यांची आजवरची ठळक कामगिरी. येत्या हंगामात तालुक्यातली बारा माणसे त्याच खिंडीकडे निघणार होती आणि त्यांचे नेतृत्व आज सरांकडे सोपवले जाणार होते. हा मनुष्य त्यांना कसा नेईल, हे तिला ठाऊक होते. तिला त्याने तसेच नेले होते.

दहा महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन दोघे देश पाहायला बाहेर पडले, ते सप्टेंबरात लडाखला पोचले. ती चढावर फार हळू चालायची. दहा पावले टाकायची, श्वास जागेवर येऊ द्यायचा, पुन्हा दहा. तिचे वडील कारभारी यांनी उभा जन्म मेंढरांमागे काढला होता आणि लंगडी मेंढी कळपाच्या पुढे चालवायची, म्हणजे कोणी मागे राहत नाही, हा त्यांच्या घरचा रिवाज होता. परमेश्वरांच्या आजोबांनीही मेंढरेच राखली होती. परंतु नातवाने एम.ए. झाल्यापासून त्या मेंढरांचा उल्लेख घरात होऊ दिला नव्हता.

"मेंढक्यासारखी काय चालून राह्यली? लोक पाहून राह्यले," तो म्हणायचा. पाहायला तिथे कोणी नव्हते.

त्याने विश्रांतीचा दिवस रद्द केला, दोन टप्पे एका दिवसात केले आणि चौथ्या दिवशी वरच्या तळावर तो ओकू लागला. हवेचा दाब उंचीनुसार कमी होतो, हे त्याने एकोणीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. गाइडचा मदतनीस त्याला खांद्याचा आधार देऊन खाली उतरवू लागला, तेव्हा तिनेही पिशवी उचलली. त्याने तिला थांबवले. "तू कामून येतीस? फोटो कोन आनील? माझं जॅकेट घालून जा." गाइडबरोबर, दहा-दहा पावलांनी, ती खिंडीवर गेली. संध्याकाळी खालच्या तळावर तो बरा दिसला. त्याने तिला पाणी विचारले नाही, मोबाइल मागितला.

आता साहेबराव यादी उघडत होते. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून, घोंगडी सावरत, कारभारी उभे राहिले.

"जावईबापू, एक इचारू का? फोटोत तुमी कसे उभे हाय, ते पाह्यलं का?"

सगळ्यांनी पाहिले. लाल आकृतीने काठी मानेमागे आडवी धरली होती, दोन्ही मनगटे तिच्यावर टाकली होती आणि डावे पाऊल उजव्या गुडघ्यावर टेकवून ती एका पायावर निवांत उभी होती.

"असं आमी माळावर उभं राह्यतो, जनावर चरत असलं का," कारभारी म्हणाले. "तुमी कवा शिकले? जरा दाखवा ना."

सभागृहात हशा पिकला. साहेबरावांनी कौतुकाने माइकचा स्टँड पुढे केला, काठी म्हणून. परमेश्वरांचा चेहरा फेट्याखाली ताठरला. उभे राहावे तर तालुक्यासमोर मेंढका ठरावे. न राहावे तर फोटो हातचा जावा. विद्वान मनुष्य अशा वेळी विचार करतो. तो परमेश्वरांनी केला नाही.

"मला तसलं बिलकुल येत न्हाई, मामा," ते झटक्यात म्हणाले. "आमी त्यातले न्हाई. जल्मात कधी तसा उभा राह्यलो न्हाई."

मागच्या रांगेतून कोणीतरी शांतपणे विचारले, "मंग तो कोन उभा हाय, सर?"

शिवकन्या खुर्चीवरून उठली. तिचा आवाज चढला नाही. "मी हाये. हे त्या दिवशी खाली गेल्ते. उलट्या होत होत्या, चालता येत न्हवतं. घाई केली म्हनून. हे असेच नेतील तुमाला. नाव देणाऱ्यानं इचार करावा."

"वहिनी, घरातलं घरात बोलावं," साहेबराव हसत म्हणाले. "सरांचं नाव छापून झालं. तुमाला सहनेतृत्व देऊ. जेवणाचं बराबर पाह्यताल तुमी."

टाळ्या पडल्या. सत्याविषयी आपल्याकडे आदर असतो. फक्त ते पत्रिका छापण्याआधी सांगावे लागते.

तिने खण खुर्चीवर ठेवला आणि ती वडिलांकडे निघाली. दारापाशी नंदाबाई आडव्या आल्या. वय बावन्न, प्राथमिक शाळेच्या शिक्षिका, गुडघ्याला पट्टा. यादीत त्यांचे नाव शेवटी होते.

"मंग मला कोन नेईल गं? सर म्हनले, माझ्यामुळं सगळ्यांना उशीर होईल."

"मी नेते," शिवकन्या म्हणाली. "पन पुढं तुमी चालायचं. मी मागून येईन."

नंदाबाई माघारी गेल्या आणि साहेबरावांच्या हातातल्या यादीवर त्यांनी आपले नाव पेनाने खोडले. त्यांच्यामागून आणखी दोघींनी खोडले. उरलेले नऊ जण जेवायला थांबले. पंगत बसली होती, जिलबी गरम होती आणि सरांना पहिल्या पाटावर बसवले होते. फेटा त्यांच्या कपाळाला रुतत होता. तो काढा, असे त्यांना कोणी सुचवले नाही.