चाळीस दिवस जिचं नाव घेत नाहीत

मित्रांनो, मी जुनी आहे, ठिगळांची आहे आणि आज रागावलेली आहे. पताकेनं वाऱ्यावर डोलावं आणि गोड बोलावं, असं तुम्हांला वाटत असेल. बोलेन हो गोडही. पण आधी मला मनातलं ओकून टाकू द्या. धुऊन, वाळवून, इस्त्री करूनही माझ्या अंगाला अजून खेकड्यांचा वास येतो. तो कुणामुळं, ते ऐका.

अमेरिकेतल्या जॉर्जियाच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी एपिस्कोपल पंथाच्या ख्रिस्ती मंडळीचं एक लहानसं पांढरं देऊळ आहे. त्याच्या मागच्या दालनात माझा जन्म झाला. हिवाळ्याचे दिवस होते. लांब टेबलाभोवती बायका बसल्या. कुणी नवऱ्याचा विटका सदरा आणला, कुणी खिडकीचा पडदा, कुणी पिठाची धुतलेली पिशवी. मधे कॉफीचं मोठं भांडं वाफाळत होतं. सुया चालत होत्या आणि सुयांबरोबर गळे.

पहिला टाका खाडीच्या वाऱ्याला,
दुसरा टाका पहाटेच्या ताऱ्याला,
तिसरा टाका बाळाच्या झग्याला,
उरला दोरा अवघ्या जगाला.

अशी मी गाण्यात जन्मले. माझ्या छातीवर पिवळ्या कापडाची मोठी अक्षरं बसवली. शब्द एकच, हालेलूया, म्हणजे देवाची स्तुती असो. आणि त्या दिवशी बायकांनी एक रीत ठरवली. ईस्टरच्या सकाळी ज्या बाळाचा बाप्तिस्मा होईल, त्याच्या झग्याचा एक तुकडा माझ्या काठाला शिवायचा. माझा काठ म्हणजे या मंडळीच्या लेकरांची रांग. कुणी पुढं बोटीवर गेलं, कुणी दूरच्या शहरात गेलं, कुणी मातीत गेलं. माझ्या काठाला मात्र सगळी अजून तान्हीच आहेत.

त्या बायकांत सगळ्यांत लहान होती ऑटिली मंगिन. तिच्या मुलीच्या, लॉरेनच्या झग्याचा तुकडा माझ्या डाव्या कोपऱ्यात आहे. पांढरी मलमल आणि तिच्यावर ऑटिलीनं भरलेलं निळं फूल. घाईत भरल्यामुळं त्याची एक पाकळी बाकीच्यांपेक्षा मोठी झाली आहे. लॉरेन आता नाही. झगाही पुढच्या बाळांच्या अंगावर विरून गेला. लेकीच्या अंगाला लागलेलं एवढंच कापड ऑटिलीला उरलं, आणि ते माझ्यापाशी.

आमच्याकडे ईस्टरआधीच्या उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आधी मला गाभाऱ्यातून मिरवत नेतात, शेवटचं गाणं म्हणतात आणि लपवतात. मग ईस्टर उजाडेपर्यंत माझ्यावरचा तो शब्द कुणी उच्चारायचा नाही. गाण्यातून तो गाळतात, प्रार्थनेतून वगळतात, मुलं चुकून बोललीच तर आया तोंडावर हात ठेवतात. मला याचा कधी राग नव्हता. उलट अंधारात पडल्या पडल्या मी सुखावत असे. ज्याची माणसं इतकी वाट बघतात, त्याला अंधाराचं काय भय? ईस्टरच्या सकाळी मुलं मला शोधायला धावत. कधी घंटेच्या माडीवर, कधी गायकांच्या कपाटात. सापडले की असा कल्लोळ होई, की खाडीवरचे बगळे उठत.

पुढं मुलं कमी झाली. शोधायला कुणी उरलं नाही, म्हणून लपवणंही नावापुरतं झालं. ते काम थॅडियस सॅम्स या वडील पंचाकडे आलं. माणूस सज्जन. टाय सरळ, बूट चकचकीत, रीतीला एक बोट इकडेतिकडे नाही. पण गुडघे दुखतात म्हणून यंदा त्यानं मला घंटेच्या माडीवर नेलंच नाही. दालनात रंगमंचाखाली पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात घडी करून टाकलं आणि झाकण लावलं. ऑटिलीलासुद्धा सांगितलं नाही. लपवलेलं सांगायचं नसतं, ही रीत!

यंदाचं वर्ष मात्र साधं नव्हतं. कितीतरी वर्षांनी देवळात बाळ आलं होतं. लॉरेनची नात, आयव्ही. ईस्टरला तिचा बाप्तिस्मा. ऑटिली पणजी झाली होती, डोळ्यांना कमी दिसत होतं, तरी तिनं आयव्हीचा झगा स्वतः शिवला. त्याचा तुकडा निळ्या फुलाच्या शेजारी लावायचा, आजी आणि नात जवळजवळ राहतील, एवढंच तिच्या मनात होतं.

आणि आता ऐका. उपासाच्या पहिल्या रविवारी याच थॅडियसनं उभं राहून येत्या आठवड्याच्या सूचना वाचल्या. पेटीतून मला सगळं ऐकू येत होतं. बुधवारी बायबलचा अभ्यास. शुक्रवारी सूप आणि मासे. शनिवारी जुन्या वस्तूंचा बाजार, सर्वांनी हात लावावा, रंगमंचाखालची सगळी अडगळ बाहेर काढावी. सगळी अडगळ! हे त्यानं स्वतःच्या तोंडानं वाचलं, चष्मा पुसला आणि खाली बसला. त्याच्या डोक्यात उजेड म्हणून पडला नाही.

शनिवारी पेटी बाहेर आली. बाजाराचं काम कोरिनकडे होतं. कोरिन नवी, उत्साही, पदर खोचूनच जन्मली असावी अशी. तिनं कडीला हात घातला तेव्हा थॅडियसला आठवलं. तो धापा टाकत आला.

"कोरिनबाई, थांबा! ती पेटी नको."

"का हो? तुमची आहे?"

"माझी नाही. तिच्यात ती आहे."

"ती कोण?"

"ती... आपली. जिचं नाव सध्या घेत नाहीत."

कोरिननं कमरेवर हात ठेवले. "सॅम्सकाका, तुमचं कुणाशी बोलणं बंद आहे ते मला कसं कळणार? सरळ नाव सांगा."

"नाव घेता येत नाही, बाई. उपास चालू आहे."

"उपासात नाव घेत नाहीत? मग मला कोरिन कसं म्हणालात?"

मी आतून ओरडत होते. अरे, म्हण की! एक शब्द! माझं तोंड शिवलेलं, तुझं तर उघडं आहे ना? पण थॅडियसनं घाम पुसला आणि म्हणाला, "जरा थांबा. मी फादरना विचारून येतो, अशा वेळी नाव घेतलेलं चालतं का ते."

तो विचारायला गेला. फादर फोनवर होते. थॅडियस दाराबाहेर अदबीनं उभा राहिला. कोरिन दुसऱ्या गिऱ्हाइकांत गुंतली, आणि तो परत येईपर्यंत लेव्हाय नावाचा मासेवाला जाळी ठेवायला ती पेटी खुर्द्याच्या भावानं घेऊन गेलासुद्धा. तो मंडळीतला नव्हता. गर्दीत कुणी घेतली, कोरिनला आठवेना.

पुढचं मला नंतर कळलं. कळलं तेव्हा माझ्या शिवणी तटतटल्या. पंचांची बैठक बसली. बैठकीत माझं नाव घ्यायची सोय नव्हती, म्हणून सगळे "ती वस्तू, ती वस्तू" म्हणत राहिले. देवळाच्या पत्रकात सूचना छापली की एक वस्तू हरवली आहे, सापडल्यास कळवावे. कसली वस्तू? छत्री? कवळी? गावातल्या कुणी ती वाचून काय शोधायचं होतं? शेवटी कोरिन बिचारी चांगल्या मनानं म्हणाली, "नवी छापून आणू या. प्लॅस्टिकची मिळते. पुसली की स्वच्छ."

ऑटिली उठली. "त्यात माझ्या लॉरेनचा झगा छापून देतात का गं?"

बैठक प्रार्थना करून संपली.

इकडे माझी काय दशा झाली होती म्हणता! लेव्हायनं पेटी उघडली, मला झटकलं, उलटं केलं आणि खेकड्यांच्या टोपल्यांवर पसरलं. वरून बर्फाचं पाणी. अक्षरं खाली, अस्तर वर. ज्या छातीशी मुलं गाल घासत, तिला नांग्या टोचत होत्या. मी लेव्हायवर रागावले नाही. त्याला कुणी सांगितलंच कुठं होतं?

एका शुक्रवारी ऑटिली सुपाच्या जेवणासाठी मासे घ्यायला धक्क्यावर आली.

"या, मिस ऑटिली! बोय घ्या, पहाटेचे आहेत. खेकडे बघता?" म्हणत लेव्हायनं माझा एक कोपरा उचलला. डावा कोपरा. शिवण फिरून अस्तरावर आलेला काठ तिच्या नाकासमोर आला. तिला दूरचं दिसत नाही, पण एक पाकळी मोठी असलेलं निळं फूल तिला बोटांनीही दिसलं असतं.

"लेव्हाय, हे माझं आहे."

"अहो, ही गोधडी पेटीबरोबर आली. पेटी मी विकत घेतली."

"माझंच आहे रे, बाबा."

लेव्हाय हसला. "मागच्या आठवड्यात एक जण माझी होडीसुद्धा त्याची आहे म्हणत होता. बरं, हिच्या पलीकडच्या बाजूला काहीतरी लिहिलंय. ओळखा. बरोबर आलं तर घेऊन जा, वर दोन खेकडे फुकट."

मित्रांनो, त्या क्षणी ऑटिलीचा चेहरा मी खालून पाहत होते. लहानपणापासून उपासात तिनं हा शब्द उच्चारला नव्हता. आयव्हीची आई उपासातच जन्मली. तेव्हाही लॉरेनच्या खोलीबाहेर ऑटिलीनं ओठ चावून तो शब्द गिळला होता. आता तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग फुलावर बोट ठेवलं.

"हालेलूया," ती पुटपुटली.

"काय? बर्फाच्या यंत्रापुढं ऐकू येत नाही, मावशी!"

"हालेलूया!" ऑटिली ओरडली. असं ओरडली की कोळंबी निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. "हालेलूया लिहिलंय, मेल्या! पिवळ्या अक्षरांत! मी स्वतः शिवलंय!"

"आमेन!" सगळा धक्का एकदम गरजला. लेव्हायनं मला उलटं केलं, वाचलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "बाई, एवढ्याशा शब्दाला एवढा घाम? आमच्या देवळात तर आम्ही बर्फ फोडतानाही म्हणतो."

"तुमचं तुमच्यापाशी," ऑटिली डोळे पुसत म्हणाली. "खेकडे कुठायत माझे?"

संध्याकाळी सुपाच्या जेवणाला ती मला खांद्यावर टाकून आली. माझं पाणी जमिनीवर ठिबकत होतं. थॅडियसच्या हातातला चमचा खाली पडला.

"ऑटिली! ती सापडली? कशी?"

"नाव घेऊन."

"उपासात?" थॅडियसनं हळूच विचारलं.

"उपासातच. तुम्ही सगळे रीत धरून बसलात आणि ती खेकड्यांखाली कुजत होती. देवाला हिशेब मी देईन. तू आधी टॉवेल आण."

थॅडियसनं टॉवेल आणला. तो आणि कोरिन गुडघ्यांवर बसून माझं पाणी टिपत राहिले आणि ऑटिली दोघांना कसं टिपायचं ते ओरडून सांगत राहिली.

ईस्टरला आयव्हीचा तुकडा माझ्या काठाला लागला, निळ्या फुलाच्या अगदी कुशीत. टाका घालताना ऑटिलीची सुई दोनदा चुकली. मी चुकू दिली.

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो मी तुमच्यासाठीच राखून ठेवला आहे. मित्रांनो, पुढल्या वर्षी मला पुन्हा लपवतील. लपवू देत. माझ्यासाठी पुन्हा गप्प राहतील. राहू देत, त्या गप्प बसण्यात माया आहे. पण तुमच्या घरी, तुमच्या देवळात, तुमच्या शाळेत जे काही जुनं आणि लाडकं असेल, त्याची अधूनमधून घडी उलगडा, ते कुठं ठेवलंय ते एकमेकांना सांगा. आणि कुणालाही इतकं पवित्र करून ठेवू नका, की ते बुडत असताना तुम्हांला त्याला हाक मारता येणार नाही.