घड्याळजींच्या सलग पाच लाथा

ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षे जगाची वेळ सुधारली, त्यांना स्वतःच्या एका पायावर धड उभे राहता येत नाही, ही गोष्ट उघडकीस येण्यास एक भिंतीवरचे घड्याळ निमित्त झाले. त्या घड्याळाला चावी देण्यासाठी घड्याळजी दुकानातल्या स्टुलावर चढले आणि उतरण्याची सर्वमान्य रीत सोडून थेट जमिनीवर आले. हाड मोडले नाही. घड्याळाला ओरखडाही पडला नाही, आणि या दोहोंपैकी दुसऱ्या गोष्टीचेच त्यांनी तीन दिवस कौतुक सांगितले.

दोन गल्ल्या पलीकडे राहणारा मुलगा धावत आला आणि त्याने दुकानाची किल्ली काढून घेतली.

"बाबा, आता पुरे झालं. दुकान बंद करू. घरी बसून आराम करा."

चालत्या घड्याळाला कोणी कपाटात ठेवू म्हणावे आणि त्या घड्याळाला कान असावेत, तशी घड्याळजींची मुद्रा झाली.

सूनबाई शाळेत खेळ शिकवीत असे. तिने मधला मार्ग काढला. तिच्या पर्समधून मुठीत मावेल एवढी, दाणे भरलेली कापडी पिशवी निघाली.

"ही फुटबॅग," ती नवऱ्याला म्हणाली. "पायानं उडवायची, खाली पडू द्यायची नाही. प्रत्येक लाथेला एका पायावर उभं राहावं लागतं. पुढच्या रविवारपर्यंत बाबांनी सलग पाच मारल्या, तर तोल ठीक आहे असं धरू आणि किल्ली परत देऊ. नाही जमलं तर तू म्हणशील तसं."

मुलगा हसून कबूल झाला. निकाल त्याने त्या हसण्यातच देऊन टाकला होता.

सोमवारी संध्याकाळी अंगणात सूनबाईच्या हाताखाली विद्यारंभ झाला. "कंबरेपासून पिशवी सरळ खाली सोडायची, बाबा. उभ्या पायाचा गुडघा जरा वाकवा. दुसऱ्या पायाची आतली बाजू वर वळवायची, ताटासारखी सपाट. पाय झटकू नका, नुसता उचला. उडाली की हातात झेला. आज एवढंच."

'एवढंच' हा शब्द शिकवणाऱ्यांनी शिकणाऱ्यांच्या छळासाठीच निर्माण केला असावा. पिशवी खाली पडली. पाय तेथे नंतर पोहोचला. दुसऱ्या खेपेस पाय आधी पोहोचला, आणि पिशवीने दुसरीकडे जाणे पसंत केले. असे तीस वेळा झाले. तिसाव्या वेळी त्यांची चप्पल मात्र फार सुरेख उडाली, आणि सूनबाईने प्रामाणिकपणे सांगितले की उंची अगदी बरोबर होती.

चाळीस वर्षांच्या अनुभवाने घड्याळजींना ठाऊक होते की वस्तू चालत नसेल तर दोष वस्तूतच असतो. तो वापरणाऱ्यात शोधणे म्हणजे गिऱ्हाइकाचा अपमान, आणि येथे गिऱ्हाईक ते स्वतः होते. मंगळवारी त्यांनी पिशवीची शिवण उसवली, दाणे पांढऱ्या कागदावर ओतले, चिमट्याने एकेक पारखला, चपटे निघालेले अकरा दाणे दोषी ठरवून बाजूला केले आणि पुन्हा इतकी नाजूक शिवण घातली की मूळ कारागिराने लाजून धंदा सोडावा. बुधवारी ती निर्दोष पिशवी पूर्वीच्याच निष्ठेने जमिनीवर पडत राहिली.

गुरुवारी त्यांची पत्नी वाटाणे सोलीत पायरीवर बसली होती. तीन दिवस तिने एक अक्षर उच्चारले नव्हते. या घरात तो मोठा अपशकुन समजला जाई.

"अहो," ती शेवटी म्हणाली, "एवढ्या वर्षांत मला कधी डोळा मारला नाहीत. त्या चिंधीत काय पाहिलंत?"

"काय बोलतेस हे?"

"पिशवी सोडली की डावा डोळा मिटता. दर वेळी. शेजारीण काल दार लावून आत गेली ती उगाच नाही."

सूनबाईने कपाळावर हात मारला. उजव्या डोळ्याला भिंग आणि डावा मिटलेला, या आसनात घड्याळजींचे आयुष्य गेले होते. बारीक वस्तूकडे लक्ष लागले की डोळा आपोआप मिटे. कामाच्या बाकावर त्याने काही बिघडत नाही, कारण तेथे घड्याळाचे चक्र जागचे हलत नाही. परंतु एका डोळ्याने पडत्या वस्तूचे अंतर कोणाला कळणार? ते पिशवीला नव्हे, पिशवी जेथे नाही त्या जागेला लाथा घालीत होते.

दोन्ही डोळे उघडे ठेवणे हे त्यांना पाय उचलण्याहून कठीण गेले. तरी शुक्रवारी एक लाथ लागली आणि पिशवी हातात आली. त्यांनी ती अशी न्याहाळली, जणू कोणी परगावाहून पाठवली होती. शनिवारी सलग तीन झाल्या.

रविवारी मुलगा खिशात किल्ली घेऊन अंगणात खुर्ची टाकून बसला. तीन संधी ठरल्या. पहिलीत दोन. दुसरीत चार. तिसरीतही चौथी लाथ नीट बसली, पण पाचवीला पिशवी बोटांवर आदळून कुंपणाशी गेली.

"चार झाल्या," घड्याळजी धापा टाकीत म्हणाले. "ठरल्या होत्या पाच." दोन मिनिटे मागे पडणाऱ्या घड्याळाला त्यांनी कधी 'जवळजवळ बरोबर' म्हटले नव्हते.

मुलाला औदार्याचा झटका आला. "वाईट वाटून घेऊ नका. तसं हे काही फार अवघड नाही, पण तुमच्या वयाला..." आणि बोलता बोलता त्याने पिशवी उचलून लाथ मारली. पिशवी त्याच्या पायाशेजारी सावकाश पडली. त्याने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "सवय नाही," तो म्हणाला. पुढच्या दोन प्रयत्नांत ती सवय आणखी कमी झाली.

"तुझं ऑफिस कितव्या मजल्यावर आहे रे?" आईने विचारले.

"तिसऱ्या. का?"

"जिना आहे म्हणजे. उद्या राजीनामा देऊन टाक बाळा. पडलास बिडलास तर?"

सूनबाईने तोंड फिरवून घेतले. दुकान बंद करा म्हणण्याचे तोंड मुलाला उरले नाही. त्याने किल्ली पुढे केली. घड्याळजींनी ती घेतली नाही.

"पाच झाल्याशिवाय नको. किल्ली तुझ्याजवळ राहू दे. रोज नऊला येऊन दुकान उघडून दे, संध्याकाळी बंद करायला ये. स्टुलावर चढून घड्याळांना चाव्याही तूच दे. मी खालून सांगेन. जमिनीवर उभं राहायला मला अजून परवानगीची गरज नाही."

"बाबा, नऊ म्हणजे फार लवकर होतं हो."

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिले, जणू उद्याचे नऊ तेथे आताच दिसत होते.

"आठ पन्नासला निघालास तर वेळेवर येशील," ते म्हणाले.