बचावपटूचा बाप

बोझोकी वेन्देल छत्तीस वर्षांचा होता, आणि त्यातली अठरा वर्षं त्याने दुसऱ्यांचा खेळ बिघडवण्यात घालवली होती. फुटबॉलमधल्या बचावपटूचं काम हेच. समोरचा झकास पळत येतो, प्रेक्षक उभे राहतात, आणि मग वेन्देलसारखा एखादा मध्ये पाय घालून सगळी मजा घालवतो. अशा माणसाची गाणी कुणी रचत नाही. वेन्देलची तशी तक्रारही नव्हती.

तिसा नदीच्या काठावरच्या तिसाबेरेक या आपल्या गावात तो पहिला सामना खेळला. विसाव्या वर्षी बुडापेस्टला गेला, तिथल्या मोठ्या क्लबात सहा वर्षं टिकला, मग एक हिवाळा ऑस्ट्रियात काढला. तिथल्या प्रशिक्षकाला त्याचं आडनाव शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. मग काही वर्षं उत्तरेकडच्या सीमेवरचा एक क्लब. अठरा वर्षांत अकरा गोल, त्यातले दोन स्वतःच्याच जाळ्यात. देशाच्या संघातही त्याला दोनदा बोलावलं होतं. पहिल्यांदा तो बाकावर नुसता बसून राहिला. दुसऱ्यांदा प्रशिक्षकाने त्याच्याकडे बोट दाखवलं, वेन्देलने जॅकेट काढलं, आणि तेवढ्यात शेवटची शिट्टी वाजली. त्याच्या वडिलांनी, आंब्रुशने, ही गोष्ट गावात इतक्यांदा सांगितली होती की आता तिच्यात वेन्देलचा एक पाय रेषेच्या आत गेलेला असायचा.

आता मात्र वेन्देलला थांबायचं होतं. गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या होत्या. जिना उतरताना तो कठड्याला धरून आडवा उतरायचा. बायकोची, बोरीची, मिरच्यांची हरितगृहं होती. तिथे उबेत, टोपल्या उचलत, कुणाच्या कोपराचा मार न खाता जगायचं त्याच्या मनात होतं. पण गावच्या क्लबाचे अध्यक्ष चिसार यांनी आणखी एका वर्षाचा कागद तयार ठेवला होता. सोमवारपर्यंत सही हवी होती. गावाने तर ती झाली असंच धरलं होतं.

अडचण एकच होती, ती म्हणजे बाबा.

आंब्रुशने वेन्देलचा एकही सामना चुकवला नव्हता. नदीच्या बांधावर राखणदार म्हणून त्याची हयात गेली. पूर आला की आठ-आठ दिवस घरी न येणारा हा माणूस, पण पोराच्या सामन्याला हजर. बसने, आगगाडीने, एकदा तर बीटने भरलेल्या ट्रॅक्टरवर बसून आला होता. आपल्या संघाच्या गोलामागचा डावा कोपरा ही त्याची जागा. खिशात सूर्यफुलाच्या बिया, पायात बांधावरचे रबरी बूट, तोंडातून शब्द नाही.

चार वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वेन्देलची आई गेली. तेव्हाच वेन्देल खेळ सोडणार होता. पण दफनविधीत दिवसभर मुका राहिलेला आंब्रुश संध्याकाळी फक्त एकच वाक्य बोलला, "रविवारचा सामना किती वाजता आहे?" म्हाताऱ्याला आता एवढाच आधार उरलाय, असं त्याला वाटलं. तो आधार आपण कसा काढून घ्यायचा? म्हणून मग तो सीमेवरचा क्लब सोडून गावच्या खालच्या गटातल्या संघात आला, आणि दुखरा गुडघा बांधून दर रविवारी बापासाठी खेळत राहिला.

"आज सांग," बोरी सकाळी म्हणाली. हंगामातला शेवटचा सामना त्या दिवशी होता. "नाहीतर मी सांगते. आणि मी सांगायला लागले की तासभर थांबत नाही, तुला माहितीये."

"आजच्या दिवशी नको गं. त्यांना सामना तरी नीट बघू दे."

"मग सामन्यानंतर. रस्सा शिजताना. तेव्हा ते जागेवरून हलत नाहीत, पळून जायचीही सोय नाही."

"पळून मी जाईन असं वाटतंय."

"तू कुठला पळतोस? तो गुडघा घेऊन?" बोरी म्हणाली आणि त्याच्या पिशवीत पट्ट्या भरू लागली.

सामना शून्य-शून्य सुटला. बचावपटूला याहून सुंदर निकाल नाही, पण प्रेक्षक जांभया देत होते. सत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला. वेन्देलने उडी मारली, चेंडू डोक्याने बाहेर काढला, आणि समोरच्या दांडगटाचं डोकं त्याच्या भुवईवर आपटलं. तो आडवा झाला. उठता उठता सवयीने त्याने गोलामागे पाहिलं. आंब्रुश खाली वाकून बूट बांधत होता. भुवईवर पट्टी लावून वेन्देलने उरलेली वीस मिनिटं खेळून काढली.

दर हंगामाच्या शेवटी आंब्रुश सगळ्या संघाला नदीकाठी माशांचा रस्सा खाऊ घालायचा. खेळाडू अजून न्हाणीघरात गात होते, तेव्हा वेन्देल ओल्या केसांनीच बांध उतरून खाली आला. तिवईला टांगलेल्या लोखंडी हंड्याखाली जाळ रसरसत होता. कांदा केव्हाच विरघळला होता, पाप्रिकेच्या मिरचीपुडीचा लाल तवंग वर आला होता, आणि कार्प माशाचे जाड तुकडे आंब्रुशने नुकतेच आत सोडले होते. आता नियम एकच. मासा आत गेला की हंड्यात चमचा घालायचा नाही. ढवळलं की मासा फुटतो. फार तर कडीला धरून हंडा हलकेच हिंदकळवायचा. नवी नवरी असताना बोरीने एकदा हौसेने पळी घातली होती, तर सासरा तिच्याशी दोन दिवस बोलला नव्हता.

गोलरक्षक गेर्गेय मात्र लवकर आंघोळ उरकून वास काढत आधीच पोचला होता. तो डॅन्यूब नदीकाठचा, आणि त्यांच्याकडे रश्श्यात शेवया घालतात.

"आंब्रुश काका, मूठभर शेवया आणल्यात. बघा, कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल. घाल, आणि मग तुला त्याच पाण्यात बुडवतो."

"अहो, पोट भरतं त्याने!"

"पोट भरायचं असेल तर गवत खा. जा, पाव घेऊन ये वरून."

गेर्गेय हसत बांध चढून गेला. आता दोघंच उरले. आंब्रुशने लाकडी पळीने वरचा फेस काढला आणि पळी हातातच धरली. वेन्देलच्या छातीत धडधडत होतं. साठ हजार लोकांसमोर जॅकेट काढतानाही इतकं धडधडलं नव्हतं.

"बाबा, मी सही करणार नाहीये."

"कशावर?"

"चिसारच्या कागदावर. पुढच्या वर्षी खेळणार नाही मी. आजचा शेवटचा होता."

आंब्रुशने हातातली पळी हंड्यात घातली, तळापर्यंत नेली, आणि ढवळू लागला. एक फेरा, दोन फेरे. पांढरे तुकडे फुटून वर येऊ लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षांत असं केलं नव्हतं, तो आज भान हरपून ढवळतोय. आपण बापाला संपवलं, असंच त्याच्या मनात आलं.

"बाबा! अहो, ढवळताय तुम्ही!"

आंब्रुशने खाली पाहिलं. "अरे देवा," तो म्हणाला. पळी काढली, पुन्हा पाहिलं, आणि त्याचे खांदे हलू लागले. वेन्देलने धावत जाऊन त्याचा दंड धरला. म्हातारा रडत होता खरा, पण मधूनच हसतही होता, आणि त्याचं त्यालाच काही आवरत नव्हतं.

"खरं सांग. अगदी शेवटचा?"

"हो."

"हिवाळ्यात मन बदलणार नाहीस ना? तो चिसार येईल गोडगोड बोलायला."

"नाही बदलणार. आईची शपथ."

आंब्रुश मागच्या ओंडक्यावर मटकन बसला. त्याने टोपी काढली, तोंडावरून हात फिरवला आणि इतका मोठा श्वास सोडला की वेन्देलला वाटलं, हा माणूस अठरा वर्षं श्वास धरूनच उभा होता.

"सुटलो रे बाबा," आंब्रुश म्हणाला. "सुटलो."

वेन्देलला काही कळेना. "म्हणजे? तुम्हाला आवडायचं ना बघायला?"

"बघायला? मी कुठे बघत होतो? कॉर्नर आला की मी बूट बांधायचो."

वेन्देलने बापाच्या पायांकडे पाहिलं. गुडघ्याएवढे रबरी बूट. "यांना तर नाड्याच नाहीत!"

"मग? अठरा वर्षांत कुणी विचारलं का?"

"पण मग यायचात कशाला?"

"तुझ्या आईने धाडलं म्हणून. पहिल्याच सामन्यात नाक फोडून घेतलं होतंस, आठवतं? ती म्हणाली, मला हे बघवत नाही, पण आपलं कोणीतरी तिथे हवं. पोरगा पडला तर परक्यांनी उचलायला नको. तू जा. गेलो. दर रविवारी सकाळपासून पोटात गोळा. पुराच्या वेळी बांधावर उभं राहिलं तरी निदान हातात वाळूचं पोतं असतं, माणूस काहीतरी करतो. तिथे नुसतं उभं राहायचं आणि बिया चघळायच्या. बिया मला आवडतसुद्धा नाहीत."

"मग आई गेल्यावर तरी थांबायचं!"

आंब्रुशने जाळाकडे पाहिलं. "ती असती तर भांडून सांगितलं असतं, की बाई, आता मला झेपत नाही. ती म्हणाली असती, बरं, राहा घरी. आता कुणाला विचारू?"

वेन्देल त्याच्या शेजारी ओंडक्यावर बसला. गुडघा कटकन वाजला.

"त्या दिवशी तुम्ही विचारलंत," तो म्हणाला, "रविवारचा सामना किती वाजता आहे."

"मला वाटलं, निदान त्या रविवारी नसेल."

"बाबा, मी तुमच्यासाठी खेळत होतो. ही चारही वर्षं. तुम्हाला दुसरं काही उरलं नाही असं वाटलं मला."

आता मात्र आंब्रुश भडकला. "माझ्यासाठी? गाढवा! त्या गुडघ्याचा भुगा केलास माझ्यासाठी? एका शब्दाने विचारायचं तरी!"

"तुम्ही विचारलंत का मला?"

म्हाताऱ्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग दोघंही एकदम हसले. वेन्देलच्या भुवईवरची पट्टी सुटून रक्त आलं, तरी त्याला हसू आवरेना. आंब्रुशने रुमाल काढला आणि जखमेवर दाबून धरला. एरवी हे काम संघाचा डॉक्टर करायचा.

संघ गात गात बांध उतरून आला. गेर्गेय पाव खाली ठेवून हंड्यात डोकावला आणि मढं पाहिल्यासारखा मागे सरकला.

"काका! ढवळलंत?"

कुणीतरी टोपी काढली.

"ढवळलं," आंब्रुश म्हणाला. "ज्याला खायचं नाही त्याने घरी जावं."

"छे छे, खाणार ना! पण आता एवढं झालंच आहे, तर शेवया..."

"घाल."

गेर्गेयला आधी खरंच वाटेना. म्हाताऱ्याला सामन्यात चेंडूबिंडू लागला का, असं त्याने वेन्देलला हळूच विचारलं. मग पुन्हा विचार बदलायच्या आत त्याने अख्खी पिशवी हंड्यात रिकामी केली. रस्सा कसला, खळ झाली होती. खेळाडूंनी ती पावाने पुसून खाल्ली आणि वर सोडा घातलेली वाइन प्यायली. जेवण रंगात आलं तेव्हा चिसार कागद घेऊन उतरले. वेन्देल उठायच्या आत आंब्रुशच पुढे झाला. "पोरगा थांबला, अध्यक्षसाहेब," तो म्हणाला. "बसा, जेवा. चव बघू नका, नुसतं गिळा." चिसारांनी एकदा बापाकडे पाहिलं, एकदा लेकाच्या गुडघ्याकडे पाहिलं, आणि कागद खिशात ठेवून वाडगा हातात घेतला. वेन्देलचा जीव भांड्यात पडला.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी नवा हंगाम सुरू झाला. पाच वाजता मैदानावरचा कर्णा वाजला, तो आंब्रुशच्या अंगणापर्यंत ऐकू आला. वेन्देल सकाळीच पडवीचं गळकं छप्पर नीट करायला आला होता आणि शिडीवर चढायची बोरीने बंदी केल्यामुळे खालून खिळे देत बसला होता. आंब्रुशने हातोडी बाजूला ठेवली, अक्रोडाच्या झाडाखाली आरामखुर्ची ओढली, आणि जरा टेकतो म्हणाला.

बोरी कलिंगडाच्या फोडी घेऊन आली आणि हाक मारणार, तोच वेन्देलने ओठांवर बोट ठेवलं. आंब्रुश झोपला होता. तोंड उघडं, हात दोन्ही बाजूंना लोंबलेले, पाय अनवाणी.

"कधीपासून?" तिने कुजबुजत विचारलं.

"सामना सुरू झाल्यापासून."

बांधापलीकडून मोठा ओरडा झाला. शेकडो माणसं एकदम काहीतरी म्हणाली, मग शिट्टी वाजली, मग पुन्हा ओरडा. वेन्देलने चटकन बापाकडे पाहिलं. आंब्रुशच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. त्याने नुसती मान दुसऱ्या बाजूला टाकली आणि तो घोरायला लागला.

"गोल झाला वाटतं," बोरी म्हणाली. "कुणाचा?"

"काय माहीत," वेन्देल म्हणाला, आणि बापाच्या तोंडावर ऊन येत होतं म्हणून खुर्ची हळूच सावलीत सरकवू लागला.