बरणीवरचं नाव

शकुंतलाबाईंनी माहेरून, भिवापूरहून, आणलेलं मिरचीचं बी जयपुरात मुरलीपुऱ्यातल्या घराच्या गच्चीवर लावलं होतं. मिरच्या लालभडक झाल्या. महाराष्ट्र मंडळाच्या आनंदमेळ्यासाठी त्यांनी तिखट कुटून बरण्या भरल्या. चिठ्ठीवर 'भिवापुरी' लिहिणार, तोच वकील सून वल्लरी म्हणाली, "आई, ते नाव नाही चालणार. कायद्यानं ते फक्त तिकडच्याच मिरचीचं आहे."

"अगं, बी तिथलंच ना!"

"पण पिकली तर इथे, मतलब जयपूरची झाली."

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. माहेरचं तेवढं नाव त्यांना चारचौघांत मिरवायचं होतं.

"सासरी आली की नाव बदलतंच," श्यामकांतराव पेपरामागून हसले. "तुझं नाही का मी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं?"

"लिहिलंत. मला विचारलं होतं का?"

श्यामकांतरावांनी पेपर खाली ठेवला. "नाही विचारलं," ते हळूच म्हणाले.

"मग मिरचीचं नाव मी ठेवते."

त्यांनी सावकाश लिहिलं, 'नलिनीचं तिखट'.

"नलिनी कोण, आई?"

"मीच, लग्नाआधीची," त्या म्हणाल्या आणि त्यांनी दुसरी चिठ्ठी पुढे ओढली.