गंगुबाईच्या चंचीतला चाकू

मित्रांनो, मी एक जुना घडीचा चाकू आहे. उघडताना करकरतो, म्हणून हसू नका. तुमच्या आजोबांचे गुडघेही तसेच वाजतात.

कल्याणच्या धाकू लोहाराने १९४८ साली झिजलेल्या कानशीतून माझे पाते घडवले आणि त्याला शिसवी मूठ बसवली. मला घेतले काळुरामने. तो घोडबंदर रस्त्याजवळच्या मिठागरात काम करायचा. गोणीची सुतळी कापणे, कैरी चिरणे, लेकीच्या पेन्सिलीला टोक काढणे, सगळे मीच करायचो. "वाघ हाय माजा," असे तो चारचौघांत म्हणायचा आणि मी मनातल्या मनात फुगायचो.

पाचेक वर्षांनी त्याचा मेहुणा महिपत मुंबईच्या गोदीतून विलायती चाकू घेऊन आला. दोन पाती, बाटली उघडायचा आकडा, चकचकीत पांढरी मूठ! मी आयुष्यभर पात्याने कांदे सोलले. हा आल्याआल्या नाकाने सोलू लागला. पण खोटे कशाला बोलू? त्याची धार माझ्याहून बारीक होती, पाते डगडगत नव्हते आणि मिटताना माझ्यासारखा तो कुणाच्या बोटाला चावत नव्हता. फक्त त्याची स्प्रिंग कडक होती. खाचेत नख घालून उघडावे लागे. काळुरामने त्याला खिशात घातले आणि मला कोनाड्यात टाकले. मला फार वाईट वाटले.

कोनाड्यातून मला त्याच्या बायकोने, गंगुबाईने उचलले आणि आपल्या पानसुपारीच्या चंचीत ठेवले. रोज वेणी घालून झाली की बोटांना राहिलेले खोबरेल ती माझ्या खिळीला, म्हणजे पाते जिच्यावर फिरते तिला, पुसायची. काळुराम मात्र मिठागरातल्या खाऱ्या हातांनी नवा चाकू वापरायचा आणि ओलाच मिटायचा. मलाही तो तसाच मिटायचा, पण माझी सैल खीळ ते सोसायची.

एका दुपारी ओहोटी असताना त्याने खाडीच्या बांधाखालच्या गवतात कालवड बांधली आणि तो कामाला लागला. भरती कधी आली, त्याला कळलेच नाही. गंगुबाई भाकरी घेऊन आली तेव्हा कालवड गळ्याएवढ्या पाण्यात हंबरत होती. घरात तेवढे एकच जनावर होते. काथ्याच्या दोराची गाठ पाण्याने फुगून घट्ट झाली होती. काळुरामने पाण्यात उडी घेतली, चाकू काढला आणि नख मोडेपर्यंत पाते ओढले.

"उघरत नाय ग! गंजलाय!"

"जल्ला तुमचा विलायती! व्हा बाजूला!" म्हणत गंगुबाई पाण्यात उतरली. तिने चंचीतून मला काढले आणि एका अंगठ्याने उघडले. मित्रांनो, मी घाबरलो होतो. माझी धार बोथट झाली होती. तीनदा घासूनही दोर तुटेना. चौथ्यांदा तुटला आणि कालवड नाकातून पाणी उडवत बांधावर चढली.

काळुराम रागाने नवा चाकू खाडीत फेकायला निघाला. गंगुबाईने त्याचा हात धरला.

"त्याचा काय गुना? याला मी रोज त्याल लावते. त्याला तुमी काय लावलंत?"

 काळुरामने नवा चाकू तेलात बुडवून ठेवला. तिसऱ्या दिवशी तो उघडला.

आता कालवडीला स्वतःचे वासरू आहे आणि आम्ही दोघे चाकू एकाच चंचीत राहतो. मित्रांनो, तुमच्या खिशात कोणता चाकू आहे, हे मी विचारणार नाही. मिटण्याआधी तो पुसलात का, एवढेच सांगा.