सायकल ठणठणीत आहे

मित्रांनो, मी एक जुनी, काळी सायकल आहे. हॉलंडच्या उत्तरेला, ग्रोनिंगेनच्या सपाट मुलखात माझं सारं आयुष्य गेलं. आपली कहाणी जन्म, काम, कौतुक आणि उपेक्षा अशा क्रमाने सांगायची असते. मीही तशीच सांगणार आहे. मधला एक मंगळवार तेवढा गाळणार आहे.

जन्म. कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या हँडलला ब्रेक नव्हते, आजही नाहीत. पेडल उलटं दाबलं की मी थांबते. म्हणजे माझी चेन हाच माझा ब्रेक.

काम. तीस वर्षं मी एका वकिलाच्या बायकोला दर रविवारी चर्चला नेलं. ती गेली आणि मी ग्रीत्येकडे आले. ग्रीत्ये निवृत्त शिक्षिका. देशात नव्याने आलेल्या बायकांना ती व्यायामशाळेमागच्या फरशीवर सायकल शिकवते. माझ्यावर बसायची लेतेब्रहान. इरिट्रियाहून आलेली, चाळिशीची, अबोल बाई. सात किलोमीटरवरच्या वृद्धाश्रमात तिला काम मिळालं होतं. महिनाभर बघू, मग कायम करू, असं ठरलेलं. पाळी सकाळी सातची आणि गावातून पहिली बस सव्वासातची. सायकल आली तरच ते काम टिकणार होतं.

तोल तिने आठवड्यात सांभाळला. अडलं ते चौकात. गाडी थांबायची, कारण जायची पाळी लेतेब्रहानची असायची. पण हीही थांबायची. खाली उतरायची, छातीवर हात ठेवून मान लववायची आणि पावाच्या गाडीवाल्याला खूण करायची, आधी तुम्ही. तो खूण करायचा, आधी तुम्ही. मागे सायकलींची रांग लागायची.

"अगं, सायकल चालवायला आणलीयस की हवा खायला?" सीरियाची वदाद मागून ओरडायची.

"तुझी पाळी आली की तू निघायचं," ग्रीत्ये समजवायची. "इथे तोच आदर."

"पण तो कामाला निघालाय ना, बाई."

"आणि तू काय फुलं वेचायला निघालीस?"

मला तिची लाज वाटायची. लोक बघत आणि मी मनात म्हणे, कुठे ते रविवार आणि कुठे हे. ती लाज आठवली की आज माझी मलाच लाज वाटते.

कौतुक. एकदा ग्रीत्येने सगळ्यांसमोर माझ्या सीटवर थाप मारली आणि म्हणाली, "सायकल ठणठणीत आहे." इतकं चांगलं माझ्याबद्दल कधीच कुणी बोललं नव्हतं.

उपेक्षा. त्यानंतर लेतेब्रहान आली नाही. मी भिंतीला टेकून उभी असायचे. पहाटे सव्वापाचला ती समोरच्या रस्त्याने पायी जाताना दिसायची. दीड तास चालत, वाऱ्याच्या तोंडावर. वदादने एकदा ग्रीत्येला सांगितलं, "दोनदा उशीर झालाय तिला. तिसऱ्यांदा झाला तर येऊ नकोस म्हणालेत."

नाही, मंगळवार गाळून ही गोष्ट पुढे जात नाही.

सोमवारी संध्याकाळी ग्रीत्येने माझी मागची ट्यूब बदलली. गाण्याच्या तालमीला उशीर होत होता. मागच्या चाकाचा नट तिने बोटांनीच फिरवला, पाना लावायचा राहिला. मला कळलं होतं. सायकलला कळतं. दुसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलावरून उतरताना चाक सरकलं, चेन सैल पडली आणि निसटली. लेतेब्रहानने पेडल उलटं दाबलं, ते नुसतंच फिरलं. आम्ही दोघी काठच्या बोरूच्या बेटात, चिखलात गेलो. तिचं मनगट मुरगळलं.

ग्रीत्ये धावत आली. "घाबरून उलटसुलट पेडल मारलंस ना?"

"हो बाई, चूक माझीच," लेतेब्रहान म्हणाली.

ग्रीत्येने चेन चढवली, चाक न तपासताच मला सरळ उभं केलं आणि सीटवर थाप मारली. ते कौतुक त्या वेळचं होतं, मित्रांनो. आणि मी ते घेतलं.

पुढच्या शुक्रवारी वदाद माझ्यावर बसली आणि चाक पुन्हा सरकलं. ग्रीत्ये गुडघ्यांवर बसली. तिने नटाला बोट लावलं, तो फिरला.

"हे मी केलंय," ती वदादला म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिने मला ढकलत लेतेब्रहानच्या दारी नेलं. लेतेब्रहानने दार उघडलं. मनगटाला अजून पट्टी होती.

"नट मी घट्ट केला नव्हता," ग्रीत्ये दारातच म्हणाली. "तुझी काही चूक नव्हती."

"मला माहीत होतं. पडले तेव्हा चेन लोंबत होती, मी पाहिली."

"मग बोलली का नाहीस?"

लेतेब्रहानने पट्टी चाचपली. "तुम्ही फुकट शिकवता. कॉफी देता, बिस्कीट देता. एवढ्या चांगल्या माणसाची चूक तोंडावर कशी काढायची, बाई?"

ग्रीत्येचा चेहरा लाल झाला. "मी तर विचारलंच नव्हतं. दोष तुझा आहे हे ठरवूनच आले होते."

लेतेब्रहानने हात पुढे केला. "पाना द्या."

"मी करते ना."

"नको. मी करणार. तुम्ही फक्त चाक धरा."

दुखऱ्या हाताने तिने नट आवळला. चाक ओढून पाहिलं. पुन्हा आवळला. तीस वर्षांत मला इतक्या अविश्वासाने कुणी तपासलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

सोमवारी सातला बारा मिनिटं कमी असताना आम्ही वृद्धाश्रमाच्या दारात पोहोचलो.

मित्रांनो, सायकलला तेल घाला, पावसात ठेवू नका, हे तर सगळेच सांगतात. माझं मागणं वेगळं आहे. कुणी पडलं तर शिकवायची घाई करू नका, आधी वाकून चाक बघा. आणि पडलेलं माणूस "चूक माझीच" म्हणालं, तर ते इतक्या चटकन मान्य करू नका.